नगरचा तट आतून कोणी फोडला? चांदबिबी आणि निजामशाहीतली यादवी

गेल्या हिवाळ्यात नवी मुंबईहून आमच्या शाळेची सहल नगरला गेली होती. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. डोंगरावरचा चांदबिबी महाल बघायला मुलं धापा टाकत वर चढली. तीन मजली, अष्टकोनी, दगडी इमारत. फोटो काढून झाले आणि मग मी सांगितलं की हा चांदबिबीचा महाल नाही. हा मकबरा आहे सलाबतखानाचा. सलाबतखान मुर्तझा निजामशाहाचा वजीर होता. चांदबिबीचा या इमारतीशी तसा संबंध नाही, लोकांनी प्रेमाने तिचं नाव देऊन टाकलं एवढंच. मुलं जरा हिरमुसली. त्यातल्या एका आठवीच्या मुलीने विचारलं की मग चांदबिबीला मोगलांनी कुठे मारलं. मी म्हटलं, मोगलांनी मारलं नाही, तिच्याच किल्ल्यातल्या, तिच्याच शिपायांनी मारलं. त्यावर ती गप्प झाली आणि बसमध्ये येऊन पुन्हा माझ्याजवळ बसली. का मारलं, एवढंच तिला हवं होतं. पनवेल येईपर्यंत मी सांगत होते, तरी पुरं झालं नाही. राहिलेलं इथे लिहिते आहे.

चांदबिबी म्हटलं की आपल्याला एकच चित्र आठवतं. तटाला खिंडार पडलंय, चेहऱ्यावर नकाब, अंगात चिलखत, हातात तलवार. तोफेचे गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत भरून डागली, असंही सांगतात. ही नाण्यांची गोष्ट दंतकथा समजावी. खिंडाराची गोष्ट खरी आहे. पण या चित्रात आपण फक्त तटाबाहेर बघतो. मोगल तिथे आले कसे, त्यांना बोलावलं कोणी, हे कोणी विचारत नाही. तिचं सगळं आयुष्य मात्र त्याच प्रश्नात गेलं.

तिचा जन्म साधारण 1550 चा. वडील हुसेन निजामशाह, अहमदनगरचे तिसरे सुलतान. आई खुंझा हुमायून, करारी बाई. मुलगा मुर्तझा तख्तावर बसला तेव्हा काही वर्षं सल्तनतीचा कारभार याच बाईने पाहिला आणि शेवटी मुलानेच तिला कैदेत टाकलं. म्हणजे बाईने राज्य चालवणं काय असतं आणि त्याची किंमत काय असते, हे चांदबिबीने माहेरीच पाहिलं होतं.

लग्न झालं ते राजकारणाने. दख्खनच्या सुलतानांना विजयनगरविरुद्ध एकत्र यायचं होतं आणि त्यात मुख्य अडचण नगर आणि विजापूर यांच्या जुन्या वैराची होती. तेव्हा साटंलोटं ठरलं. चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली, अलीची बहीण हदिया सुलतान मुर्तझाला केली. ज्या सोलापूरच्या किल्ल्यावरून दोन्ही घराणी पिढ्यानपिढ्या भांडत होती, तोच किल्ला चांदबिबीच्या दहेजमध्ये गेला. त्यानंतर जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगर पडलं. त्याच वर्षी हुसेनशाह वारले.

नवरा-बायकोचं बरं जमलं असावं. अलीने 1579 मध्ये विजापुरात मोठी विहीर बांधली आणि तिला तिचं नाव दिलं. ती चांद बावडी आजही आहे. पण मूल झालं नाही. आणि 1580 मध्ये अलीचा महालातच खून झाला. गादीवर आला त्याचा पुतण्या इब्राहिम, वय वर्षं नऊ. मुलाला वाढवायचं चांदबिबीने, दरबार चालवायचा एका अमिराने, अशी व्यवस्था ठरली.

ही व्यवस्था कशी चालली ते थोडक्यात बघा, कारण पुढे नगरला जे झालं त्याची रंगीत तालीम इथेच झाली. पहिला कारभारी कामिलखान. तो डोईजड झाला म्हणून चांदबिबीने किश्वरखानाच्या मदतीने त्याला काढलं. मग किश्वरखान डोईजड झाला, त्याने उलट चांदबिबीलाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. मग इखलासखान नावाच्या हबशी सरदाराने उठाव करून तिला सोडवून आणलं. मग हबशी सरदारांतच फूट पडली आणि दिलावरखानाने इखलासखानाचे डोळे काढून सगळी सत्ता हातात घेतली. हे सगळं दोन-तीन वर्षांत! घरातली ही भांडणं बघून नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी विजापूरला वेढा घातला. त्या वेढ्यात चांदबिबी तटावर होती. वेढा उठला, पण दिलावरखानाच्या राज्यात तिला काम उरलं नाही. 1584 मध्ये इब्राहिमची बहीण खदिजा हिचं लग्न मुर्तझाचा मुलगा मिरान हुसेन याच्याशी ठरलं, तेव्हा नवरीसोबत चांदबिबीही माहेरी नगरला गेली.

आता नगरचं घर कसं होतं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागेल.

दख्खनच्या दरबारांत बहमनी काळापासून दोन तट होते. एक दख्खनी. म्हणजे इथे जन्मलेले, पिढ्यानपिढ्या इथलेच झालेले मुसलमान, त्यांत उत्तरेतून आलेल्यांचे वंशज आणि इथलेच नवमुस्लिम. दुसरे आफाकी, म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तानातून जहाजाने येणारे. त्यांना गरीब असंही म्हणत. माझ्या उर्दूच्या तासाला मुलं हसतात, म्हणून सांगते, हा गरीब म्हणजे पैसा नसलेला नव्हे, परका. गरीब-उल-वतन मधला गरीब. उलट हे गरीब चांगले तालेवार असत. लिहिता-वाचता येणारे, फारसीत तरबेज, तिरंदाजीत पटाईत. सुलतानांना ते आवडत, कारण त्यांचं इथे गणगोत नसे, ते फक्त सुलतानाला बांधलेले. दख्खनींना ते आवडत नसत, त्याचं कारणही तेच. तिसरा गट हबशींचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले आणि आपल्या हिमतीने सरदार झालेले लोक. ते बहुधा दख्खनींच्या बाजूने असत.

या भांडणाचा एक मोठा बळी 1481 मध्ये पडला. महमूद गवान. बिदरचा तो मोठा मदरसा ज्याने बांधला तो वजीर. खोट्या पत्राच्या आधारावर सुलतानाकडून त्याचा शिरच्छेद करवण्यात आला आणि त्या कटात पुढे होता दख्खनी सरदार निजामुल्मुल्क हसन. हा हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. त्याच्याच मुलाने, मलिक अहमदने, 1490 मध्ये निजामशाही उभी केली आणि पुढे नगर वसवलं. म्हणजे हसन हा चांदबिबीचा खापरपणजोबा. ज्या भांडणाने तिचा जीव घेतला, त्या भांडणाच्या पायाचे दगड रचण्यात तिच्याच घराण्याचा मूळपुरुष होता.

यात मजहबची भर पडली. चांदबिबीचे आजोबा बुऱ्हाण निजामशाह यांनी शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावाखाली 1537 च्या सुमारास शिया पंथ राजपंथ केला. आफाकींत शिया बरेच, दख्खनींत सुन्नी बरेच. तेव्हा जे भांडण आधी जहागिरीचं आणि मानाचं होतं, ते आता मशिदीत आणि खुत्ब्यातही शिरलं. माझं मत विचाराल तर पंथ हे मूळ कारण नव्हतं. मूळ कारण जमिनीचा महसूल कोण खाणार हे होतं. पण पंथाने त्या भांडणाला असा रंग दिला की तडजोड करणाऱ्यालाही बेईमान म्हणता येऊ लागलं.

मुर्तझाने तेवीस वर्षं राज्य केलं. वऱ्हाड जिंकलं, पण नंतर एकांतात राहू लागला, लोक त्याला दिवाणा म्हणत. 1588 मध्ये त्याच्या मुलाने, मिरान हुसेनने, त्याला हमामखान्यात कोंडून, गरम पाण्याच्या वाफेत मारलं. मिरान हुसेन दहाएक महिने टिकला. त्याचा वजीर मिर्झाखान आफाकी होता. सुलतान आपल्या जिवावर उठेल या भीतीने त्याने सुलतानालाच किल्ल्यात कैद केलं आणि दुसरा मुलगा तख्तावर बसवायची तयारी केली.

आणि मग ती क्रांती झाली. क्रांतीच म्हणते मी, कारण तो नुसता महालातला कट नव्हता, रस्त्यावरचा उठाव होता. जमालखान नावाचा दख्खनी सरदार, महदवी पंथाचा. त्याने शहरात हाक दिली की परदेशी लोक आपल्या बादशाहाला कैदेत ठेवून आपल्या मर्जीचा पोर गादीवर बसवतायत. दख्खनी, हबशी शिपाई, बाजारातली माणसं, सगळे किल्ल्यावर चालून आले. मिर्झाखानाने घाबरून मिरान हुसेनचं मुंडकं कापून तटावरून दाखवलं. समजत होता की ज्याच्यासाठी आलेत तोच नाही म्हटल्यावर लोक परत जातील. लोक भडकले. दरवाजे जाळून आत शिरले. मिर्झाखान पळाला, पकडला गेला, मारला गेला. त्यानंतर सात दिवस नगरमध्ये आफाकींची कत्तल चालली. इतिहासकार फिरिश्ता तेव्हा नगरातच होता, तो मृतांचा आकडा हजाराच्या आसपास देतो. तो स्वतः कसाबसा वाचला आणि 1589 मध्ये विजापूरला गेला. तिथेच पुढे त्याने आपला ग्रंथ लिहिला. तेव्हा त्याच्या लिहिण्यात दख्खनींबद्दल कडवटपणा असला तर तो समजून घेऊनच वाचावा.

जमालखानाने इस्माईल नावाच्या मुलाला गादीवर बसवलं. हा चांदबिबीचा भाऊ बुऱ्हाण याचा मुलगा. खुद्द बुऱ्हाण तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. शियांचा खुत्बा बंद झाला, महदवी पंथ राजपंथ झाला. आफाकींच्या जहागिरी काढून नव्या माणसांना दिल्या. दोन वर्षांत बुऱ्हाण परत आला. खानदेशच्या राजा अली खानाची मदत घेऊन 1591 मध्ये रोहणखेडच्या लढाईत त्याने जमालखानाला मारलं आणि स्वतःच्याच मुलाला उतरवून तख्तावर बसला. पंथ पुन्हा शिया. जहागिरी पुन्हा फिरल्या.

इथेच यादवीचं बी आहे असं मला वाटतं, म्हणून इथे जरा थांबते. क्रांतीने आफाकींचा कणा मोडला. बुऱ्हाणच्या काळात काही परत आले, पण पूर्वीचं वजन राहिलं नाही. आता दख्खनी आणि हबशी यांना एकत्र बांधून ठेवणारा समाईक शत्रूच उरला नाही. वाटणी करायची वेळ आली आणि जिंकणारे एकमेकांकडे बघू लागले. शिवाय तीन वर्षांत दोनदा जहागिरी इकडच्या तिकडे झाल्यामुळे प्रत्येक सरदाराला एक गोष्ट कळून चुकली की आपली जहागीर सनदेवर नाही, गादीवर कोणता पोरगा बसलाय त्यावर अवलंबून आहे. फौज म्हणावी तर ती सुलतानाची नव्हतीच. शिपाई ज्याच्या पागेत, ज्याच्या हातून पगार, त्याचे. आणि शाही घराण्यातले मुलगे ठिकठिकाणच्या गडांवर कैदेत ठेवायची रीत होती. म्हणजे ज्याच्या हाती गड, त्याच्या हाती एक बादशाह. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे तर वासेच घर फिरवत होते.

बुऱ्हाणने आणखी एक मोठी चूक केली, ती आपल्या कोकणातली. चौलला पोर्तुगीजांचा तळ होता. समोर कोर्लईच्या टेकडीवर बुऱ्हाणने किल्ला बांधून त्यांची कोंडी करायची ठरवली. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तो किल्लाच घेतला आणि निजामशाहीची हजारो माणसं मारली गेली. रेवदंड्याला जाताना खाडीपलीकडे कोर्लई दिसतो. आपण तिथे समुद्र बघायला जातो, निजामशाहीची कंबर तिथे मोडली हे कोणाच्या लक्षात नसतं.

एप्रिल 1595 मध्ये बुऱ्हाण वारला. जाण्याआधी त्याने दुसरा मुलगा इब्राहिम याला वारस नेमलं, त्यावरूनही हबशी सरदार इखलासखानाने बंड केलं. (हा नगरचा इखलासखान. विजापूरचा, डोळे गेलेला, तो वेगळा.) इब्राहिमच्या दरबारात दोन माणसं एकमेकांच्या उरावर बसली होती. पेशवा मियाँ मंजू, दख्खनींचा पुढारी, आणि इखलासखान, हबशींचा. विजापूरशी लढायचं की नाही यावर दोघांचं जमेना. शेवटी लढाई झालीच आणि चार महिन्यांचा हा सुलतान तिच्यात मारला गेला. मागे राहिला बहादूर नावाचा तान्हा मुलगा. चांदबिबीच्या भाच्याचा मुलगा, म्हणजे तिचा नातूच.

सरळ हिशोबाने गादी बहादूरची होती. पण बहादूर गादीवर म्हणजे चांदबिबी कारभारी, हे सगळ्यांना दिसत होतं. मियाँ मंजूने बहादूरला जुन्नरजवळच्या चावंड गडावर पाठवून दिलं आणि अहमद नावाचा एक मुलगा शाही वंशातला म्हणून पुढे आणला. थोड्याच दिवसांत बोभाटा झाला की हा निजामशाही रक्ताचा नाहीच. इखलासखानाने चावंडच्या किल्लेदाराकडे बहादूरला मागितलं. किल्लेदार म्हणाला, मियाँ मंजूच्या हुकुमाशिवाय देणार नाही. तेव्हा इखलासखानाने काय करावं? बाजारातून बहादूरच्याच वयाचं एक पोर उचलून आणलं, मोतीशाह नाव ठेवलं आणि त्याच्या नावाने दहा-बारा हजार घोडदळ जमवलं! तिकडे आभंगखान हबशीने आणखी एक दावेदार काढला, शाह अली, पहिल्या बुऱ्हाणचा मुलगा, सत्तरीचा म्हातारा. हा चांदबिबीचा काका लागायचा. आणि चौथा पक्ष चांदबिबीचा, बहादूरच्या नावाने. एक शहर, चार बादशाह. त्यांतला एक खोटा, एक विकत आणलेला, एक म्हातारा आणि एक पाळण्यातला.

मियाँ मंजू किल्ल्यात होता आणि बाहेरून इखलासखानाचा वेढा. मंजू घाबरला. गुजरातेत अकबराचा मुलगा शाहजादा मुराद होता. मंजूने त्याला पत्र धाडलं की या, नगर घ्या. घरच्या भांडणात शेजाऱ्याला हाक मारली. अकबराचा डोळा दख्खनवर होताच, त्याची स्वारी उशिरा का होईना झालीच असती. पण दरवाजा वाजवायचे कष्ट वाचले त्याचे.

गंमत बघा, पत्र गेल्यावर थोड्याच दिवसांत बाहेर इखलासखानाच्या छावणीत दख्खनी-हबशी असं भांडण पेटलं, मंजू बाहेर पडला आणि जिंकला. मोतीशाह पकडला गेला. आता मुरादची गरजच उरली नाही. पण मुराद निघाला होता. त्याच्याबरोबर अब्दुर्रहीम खानखानान, तोच ज्याचे दोहे आपली मुलं हिंदीच्या पुस्तकात शिकतात, आणि खानदेशचा राजा अली खान. मंजूला पश्चात्ताप झाला. किल्ला अन्सारखानाच्या हवाली करून, अहमदला बरोबर घेऊन, तो विजापूर-गोवळकोंड्याची मदत आणायला औशाकडे निघून गेला.

त्या रिकाम्या जागेत चांदबिबी उभी राहिली. मुहम्मदखान नावाच्या सरदाराच्या हातून तिने अन्सारखानाला मारवलं, किल्ला ताब्यात घेतला, बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली. मारवलं हे मी मुद्दाम लिहिते. तिच्या चरित्रात हे पान गाळण्याची पद्धत आहे. विजापूरच्या त्या चार वर्षांनी तिला शिकवलं होतं की किल्ला हातात नसेल तर हक्काला कोणी विचारत नाही.

डिसेंबर 1595 मध्ये मोगल पोहोचले. आधी शहराला अभय दिलं, पण मग मोगलांच्याच सरदाराने लूट केली, त्यात शियांच्या लंगरखान्यालाही सोडलं नाही. लोक शहर सोडून गेले आणि जे कुंपणावर होते ते चांदबिबीकडे झुकले. आभंगखान रात्रीच्या अंधारात मोगलांची फळी कापून काही स्वारांसह किल्ल्यात घुसला. म्हातारा शाह अली मात्र मागे फिरला. म्हणजे संकटाने चारपैकी दोन पक्ष तात्पुरते का होईना एका तटाआड आणले.

तटाखाली मोगलांनी पाच सुरुंग खणले. मोगल छावणीतल्याच ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाच्या माणसाने रातोरात येऊन ही खबर आत दिली. त्याला या शूर लोकांची कणव आली म्हणतात. आतून खणून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच मुरादने बत्ती दिली. फेब्रुवारी 1596. तट कोसळला, दीडशे फुटांच्या आसपास खिंडार पडलं. बाकीचे सुरुंगही उडतील म्हणून मोगल थांबले आणि तेवढ्यात ती तिथे पोहोचली. नकाब, चिलखत, तलवार, सगळं खरं. दुपारपासून अंधार पडेपर्यंत हल्ले होत राहिले, मागे फिरत राहिले. रात्रभर ती तिथेच उभी राहिली आणि सकाळी खिंडारात पुन्हा भिंत उभी होती. सय्यद अली तबातबाई हा इतिहासकार त्या काळी नगरला होता, त्याचा ग्रंथ या तहापर्यंत येऊन थांबतो. चांद बेगम, चांद सुलताना ही नावं म्हणे त्या दिवसापासून शत्रूच्या तोंडीही आली.

विजापूरचा सुहैलखान मोठी फौज घेऊन येत होता, मोगलांची रसद तुटली होती, मुराद आणि खानखानान यांचं आपसात पटत नव्हतं. इकडे किल्ल्यातही दाणागोटा संपत आला होता. तह झाला. वऱ्हाड मोगलांना, बहादूर नगरचा सुलतान. वऱ्हाड देणं तिला सोपं गेलं नसणार, तो तिच्या भावाने जिंकलेला मुलूख होता. पण नगर वाचलं.

गोष्ट बहुतेक इथे संपवतात. नाटकात पडदा इथे पडतो. खरं तर यादवीचा दुसरा अंक इथून सुरू होतो.

मियाँ मंजू अहमदला घेऊन परत आला. इब्राहिम आदिलशाहाने मधे पडून दोघांना विजापूरला बोलावून घेतलं. चांदबिबीनेच लहानाचा मोठा केलेला हा मुलगा, एवढं त्याने केलं. तिने मुहम्मदखानाला पेशवा केलं. तो डोईजड झाला, आभंगखानाला कैदेत टाकलं आणि आपली खुर्ची जायला लागली तेव्हा त्यानेही मोगलांनाच पत्र लिहिलं. मंजूची तीच चूक, वर्षाच्या आत. विजापूरच्या मदतीने तिने त्याला काढलं आणि आभंगखानाला पेशवा केलं. 1597 मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ सुहैलखान दख्खनच्या फौजा घेऊन खानखानानाशी लढला. मोगलांकडून लढणारा राजा अली खान पडला, पण दख्खनी फौजाही मोडल्या.

आणि आभंगखान? ज्याने फळी कापून किल्ल्यात उडी घेतली होती तो? त्याला आता चांदबिबी नको होती. बहादूर आपल्या ताब्यात हवा होता. तिने किल्ल्याचे दरवाजे बंद केले आणि आभंगखानाने नगरला वेढा घातला. मोगलांपासून नगर वाचवणाऱ्या दोघांतच हे युद्ध. विजापूरने समेटाचा प्रयत्न केला, जमला नाही.

1599 मध्ये मुराद दारूपायी मेला. अबुल फझल दख्खनेत आला, त्याच्याशी चांदबिबीची बोलणी झाली. आभंगखानाचा बंदोबस्त करा, मग किल्ल्याचं बघू, असा त्या बोलण्यांचा रोख होता. म्हणजे शेवटी तीही मोगलांशी बोलली. हे वाचून माझी विद्यार्थिनी नाराज होईल. पण तेव्हा तिच्यापुढे वाटा किती होत्या ते पाहावं. बाहेर आभंगखान, आत कुरकुरणारे सरदार, आणि हातात पाच-सहा वर्षांचा मुलगा.

1600 मध्ये शाहजादा दानियाल आणि खानखानान मोठी फौज घेऊन आले. आभंगखान घाट अडवायला गेला, जमलं नाही, छावणी जाळून जुन्नरकडे निघून गेला. किल्ल्यात चांदबिबी एकटी. तटाखाली पुन्हा सुरुंग खणले जात होते. तिने हमीदखान नावाच्या खोज्याला विश्वासात घेऊन सांगितलं की या सरदारांवर भरवसा ठेवून लढण्यात अर्थ नाही. किल्ला देऊ, अभय घेऊ, बहादूरला घेऊन जुन्नरला जाऊ. हिशोब अचूक होता. जुन्नर, शिवनेरी, चावंड, तो सगळा डोंगराळ मुलूख अजून निजामशाहीचाच होता.

हमीदखान तिच्याकडून उठला आणि किल्ल्याच्या गल्ल्यांमधून ओरडत सुटला की चांदबिबी फितूर झाली, किल्ला मोगलांना विकतेय. चार वर्षांपूर्वी खिंडारात तिच्यामागे उभे राहिलेले त्यातले काही असतीलच. पण बारा वर्षांत त्या शिपायांनी पाहिलं काय होतं? मिर्झाखान फितूर, मियाँ मंजू फितूर, मुहम्मदखान फितूर. फितुरी हा शब्द त्या किल्ल्यात इतका स्वस्त झाला होता की त्याला पुरावा लागत नव्हता. जमाव तिच्या महालात शिरला. ती तिथेच मारली गेली. वय पन्नासच्या आसपास.

ऑगस्ट 1600 मध्ये सुरुंग उडाले, किल्ला पडला. ज्यांनी तिला मारलं त्यांच्यातले बरेच त्याच दिवशी मारले गेले. लहान बहादूरला बऱ्हाणपूरला अकबरापुढे नेलं आणि मग ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद केलं.

जुन्नरकडे निघून गेलेल्या आभंगखानाच्या पदरी एक हबशी सरदार होता. त्याने म्हातारा शाह अलीच्या मुलाला, मुर्तझाला, परांड्याला तख्तावर बसवलं आणि निजामशाही आणखी छत्तीस वर्षं चालवायची सोय केली. त्या सरदाराचं नाव मलिक अंबर.